डोहाळ्यांचं रुजक

अनंतरावांनी पाण्याचा ग्लास नाकाशी नेला, हुंगला आणि टेबलाच्या पार टोकाला सरकवून दिला. ग्लासाला फडक्याचा वास येतोय, हे त्यांनी आधी मराठीत मुलाला, पुष्करला सांगितलं, मग तमिळमध्ये वेटरला सांगितलं, आणि दोघांनीही मनावर घेतलं नाही म्हणून शेवटी सगळ्या टेबलाला उद्देशून सांगितलं. त्यांच्या बायकोने, शशिकलाने, आपला ग्लास उचलला आणि अर्धा पिऊन टाकला. तिला फडक्याचा वास आला नाही. गेल्या नवरात्रापासून तिला कसलाच वास येत नव्हता आणि कशाची चवही लागत नव्हती. हे तिने नवऱ्याला, मुलाला, सुनेला, कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आज या टेबलावर ते उघडं पडणार, अशी तिला सकाळपासून भीती होती.

तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत, नोकरीसाठी एकटी राहणारी मुलं भाड्याने राहतात अशा जुन्या मॅन्शनच्या तळमजल्यावर ते हॉटेल होतं. मालक तमिळच, पण परदेशात, मेदानला बरीच वर्षं स्वयंपाक करून परतलेला. टेबलं जेमतेम मावतील एवढी जागा, डोक्यावर एक पंखा, आणि एसी आहे म्हणून सांगितलेला, पण तो चालत नव्हता. मार्चचं ऊन थेट दारातून आत आलं होतं. तांबरमहून इथवर यायला लोकल, मग रिक्षा, मग गल्लीत रिक्षा शिरेना म्हणून पायपीट, एवढं सगळं झालं होतं, आणि ते कशासाठी, तर सुनेच्या डोहाळ्यांसाठी.

पुष्करला कंपनीने दोन वर्षं त्याच देशात, सुराबायाला पाठवलं होतं. जानेवारीत तो आणि ऋजुता परत आले आणि अंबत्तूरला फ्लॅट घेऊन राहिले. ऋजुताला सातवा महिना लागला होता. पुढच्या रविवारी तांबरमच्या घरी डोहाळजेवण होतं. नाशिकहून तिची आई यायची होती, मराठी मंडळातल्या बायका यायच्या होत्या. डोहाळे काय लागलेत, असं शशिकलाने रीतीप्रमाणे विचारलं, तेव्हा ऋजुता लाजत म्हणाली की तिला रुजक खावंसं वाटतं. म्हणजे कच्च्या फळांच्या फोडी आणि वरून दाण्यांची, चिंचगुळाची तिखट चटणी. सुरुवातीच्या ओकाऱ्यांच्या दिवसांत शेजारच्या बाईंनी तिला ते करून दिलं होतं. तिकडे सातव्या महिन्यात पोटुशीसाठी बायका ते मुद्दाम करतात म्हणे. मग पुष्करने हे हॉटेल शोधून काढलं आणि जाहीर केलं की आईला एकदा खायला घालू, आई घरी करेल.

यात त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आईची ख्यातीच तशी होती. मिरजेहून लग्न होऊन शशिकला तांबरमला आली तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. अनंतराव एअर फोर्स स्टेशनात सिव्हिलियन क्लार्क. ते ऑफिसला गेले की ती शेजारच्या तमिळ मामींच्या ओट्यावर जाऊन बसायची. मामी बोलायच्या ते कळायचं नाही, पण मामींनी वाटीत घातलेलं जिभेवर ठेवलं की त्यात काय काय पडलंय ते सगळं कळायचं. वत्तकुळंबू, म्हणजे त्यांची चिंचेची दाट आमटी, तिने असंच उचललं. पुढे हॉटेलातलं सांबार, ऑफिसातल्या गुजराती बाईंची खांडवी, कोणाच्या लग्नातला हलवा. एक घास खायचा, डोळे मिटायचे, घरी येऊन करायचं. तिला दुसरं काही येत होतं असं नाही. शिवण बेताचं, गाणं नाही, नोकरी केली नाही. एवढी एक जीभ होती, आणि नवरात्रातल्या तापाने तीच नेली.

घरात हे कळलं नाही, कारण त्या घरात स्वयंपाक करताना चव बघायचीच नाही अशी रीत होती. आधी देवाला नैवेद्य, मग माणसांना. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि शशिकलाने ते जन्मभर पाळलं. मीठ हाताच्या अंदाजाने, तिखट डोळ्यांच्या अंदाजाने. न चाखता एवढं नेमकं कसं होतं, याचं मंडळातल्या बायकांना कोण कौतुक. त्यामुळे आता तिला चाखूनही काही कळत नाही हे कोणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. बँकेत जाते असं सांगून ती एकटी नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. त्यांनी थेंब दिले, येईल म्हणाले, वेळ लागेल म्हणाले, आणि मग तिच्याकडे न बघता पुढच्या पेशंटला बोलावलं. एक गोष्ट मात्र तिला बरी वाटत होती. जन्मभर मिठावरून कटकट करणारा नवरा निवृत्तीनंतर निवळला होता. हल्ली पानावर बसले की मुकाट जेवायचे. फक्त सकाळी पेपर घेऊन ओट्यापाशीच खुर्ची टाकून बसायची एक नवी खोड त्यांना लागली होती, आणि ते सारखे तिच्या पायांत येत होते.

पहिल्यांदा रंपेयेक आले. तांदळाच्या पिठाचे पातळ कुरकुरीत पापड, त्यात दाणे चिकटलेले. शशिकलाने तुकडा मोडून तोंडात टाकला. कुडुम असा आवाज झाला, पुढे काही नाही. तोंडात पुठ्ठा चावावा तसं ते चावलं गेलं.

अनंतराव मात्र थांबायला तयार नव्हते. मीठ बरोबर आहे, पण धणे अख्खेच टाकलेत, लसूण आहे, तेल ताजं आहे, मागून जरा नारळ लागतो, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. शशिकलाने तेवढंच थोडं फिरवून ऋजुताला सांगितलं आणि ऋजुताने कौतुकाने मान डोलावली. मग तळलेलं तेंपे आलं. सोयाबीनची वडीच म्हणायची ती. त्यावरही अनंतरावांचं भाष्य झालं, की बुरशीचा वास येतो, वाईट नाही पण येतो, आणि वरचं चिंचेचं पाणी आंबट कमी आहे. शशिकलाला वैताग आला. घरी मुकाट जेवणारा माणूस बाहेर आला की एवढा का बोलतो, हे तिला कळेना. एरवी तिने डोळे वटारले असते. पण आज त्यांची बडबड तिच्या कामाची होती, म्हणून ती गप्प बसली आणि ऐकत राहिली.

क्लेपॉन आले तेव्हा पुष्कर म्हणाला की हे आपले मोदकच समज. हिरव्या गोळ्या, वरून ओलं खोबरं, आत पातळ झालेला गूळ. हिरवा रंग बघून अनंतराव बिथरले. मालकाने स्वतः येऊन सांगितलं की रंग नाही, पानाचा रस आहे. त्यांनी गोळी नाकाशी धरली आणि म्हणाले, "शशी, वास बघ, थेट बासमती शिजल्यासारखा."

शशिकलाने गोळी नाकाशी धरली, मान डोलावली आणि "हो की," म्हणाली.

मग अनंतरावांनी गोळी दातांनी तोडली. गूळ चिळकांडीसारखा उडाला आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. पुष्कर हसला. अनंतरावांनी मालकाचा, पानाचा आणि पुष्करच्या कंपनीचा उद्धार केला आणि सदरा धुवायला मागच्या बेसिनकडे निघून गेले.

आणि नेमकं तेव्हाच रुजक आलं.

मोठ्या ताटलीत कैरी, पेरू, काकडी, अननस यांच्या फोडी, आणि मध्ये वाटीभर तपकिरी चटणी. मूळ चटणीत वाळवलेल्या झिंग्यांचा लगदा असतो, म्हणून ऋजुताने आधी फोन करून बिनझिंग्याची वेगळी करायला सांगितली होती. ती ताटलीकडे बघत होती ते बघून शशिकलाला गलबलून आलं. पोर परत आल्यापासून वाट बघत होती या वाटीची. पण तिने हात पुढे केला नाही.

"आई, आधी तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा कसं झालंय."

शशिकलाने बेसिनच्या दिशेने पाहिलं. नळाचा आवाज येत होता. अनंतराव येईपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, पण थांबायला कारण काय सांगणार? दोघं तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने कैरीची फोड चटणीत बुडवली आणि खाल्ली. मिरची झोंबली, तेवढं कळलं. बाकी थंड, बुळबुळीत, मग करकरीत. तिने सवयीने डोळे मिटले. चिंच असणार, गूळ असणार, दाणे तर दिसतच होते. असल्या चटणीत काय चुकणार, असं तिने मनाशी ठरवलं.

"छान जमलंय," ती म्हणाली. "गूळ बेताचा आहे. आणि दाणे काय खमंग भाजलेत. खा तू."

ऋजुताने मोठी फोड घेतली, चटणीत चांगली घोळवली आणि तोंडात टाकली. दोनदा चावून ती थांबली. तिचा चेहरा गोरामोरा झाला. तिने घाईघाईने कागदी रुमाल तोंडाला लावला, घास त्यात टाकला आणि तोंड झाकून बसून राहिली. पुष्करने तिच्या पाठीवर हात ठेवला, पाणी पुढे केलं आणि बोटाच्या टोकाने चटणी चाटून पाहिली.

"आई, हे खवट आहे," तो म्हणाला. "पार खवट. दाणे कधीचे आहेत कोण जाणे."

शशिकलाने वाटीतल्या चटणीकडे पाहिलं.

"तू खमंग म्हणालीस. तू म्हणालीस म्हणून तिने खाल्लं ना."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर तिला उलट बोलता तरी आलं असतं. खवट दाणे! ज्या घरात भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला कूट, त्या घरातली बाई. दाण्याचा डबा नुसता उघडला तरी वासावरून सांगायची की हे दाणे चार दिवसांत संपवा. वाण्याच्या दुकानात पोत्यात हात घालून दाणे परत करणारी म्हणून तांबरमच्या बाजारात तिला ओळखत. आणि आज तिने आपल्या हाताने पोटुशी सुनेला खवट खाऊ घातलं, वर खमंग म्हणून सांगितलं. तिला स्वतःचा संताप आला.

अनंतराव सदऱ्याचा ओला भाग पोटापासून दूर धरून परत आले. त्यांनी ऋजुताकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. ते बसले, पेरूची फोड उचलली, चटणीतून ओढली आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली.

"ठीक आहे की," ते म्हणाले. "मला नाही काही लागत खवट."

पुष्कर त्यांच्याकडे बघतच राहिला. बाबा, काहीतरीच काय, असं तो म्हणाला. अनंतरावांनी तिसरी फोड घेतली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि घास गिळताना गळ्याची घाटी वरखाली होत होती. ज्या माणसाने घटकाभरापूर्वी फडक्याच्या वासावरून पाणी दूर सारलं होतं, तो माणूस खवट चटणी बोटाने पुसून खात होता.

शशिकलाला तेव्हा सगळं कळलं. बासमतीचा वास, अख्खे धणे, कमी आंबट चिंच, हे सगळं ते टेबलाला सांगत नव्हते, तिला सांगत होते. बेसिनकडे गेले तेवढ्यातच घात झाला होता. आणि घरातलं ते मुकाट जेवण. निवळले म्हणे! तिला रडू यायला हवं होतं, पण आली ती चीड. एवढे महिने हा माणूस तिच्या हातचं काय वाटेल ते गिळत होता आणि ती समोर बसून त्याला आग्रह करत होती.

"ठेवा ते खाली," ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही.

"अहो, ठेवा म्हणते ना." तिने ताटली ओढून आपल्याकडे घेतली. मग पुष्करकडे न बघता ऋजुताला म्हणाली, "मला चव लागत नाही गं. नवरात्रापासून. वासही येत नाही. तुला खा म्हणायला नको होतं मी."

पुष्करने एकामागून एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणता डॉक्टर, काय म्हणाला, एमआरआय केला का, आधी का नाही सांगितलंस. त्याचा आवाज आता चढला होता, कारण तो घाबरला होता. आधी का नाही सांगितलं, याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते हॉटेलात सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून ओट्याशी कोणीतरी दुसरं उभं राहिलं असतं. मग तिने घरात काय करायचं?

गडबड ऐकून मालक बाहेर आला. त्याने चटणी चाखली आणि कानाच्या पाळीला हात लावला. बिनझिंग्याची चटणी कोणी मागत नाही, म्हणून त्यासाठीचे दाणे वेगळ्या बरणीत पडून राहिले होते. "मन्निच्चिडुंग, अम्मा," माफ करा, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला आणि स्वतः ताजे दाणे भाजायला आत गेला. आतून सराटा परतल्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने अनंतरावांनी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला, मग बायकोकडे बघून खजील झाले आणि श्वास तसाच धरून बसले.

नवी चटणी आली. ऋजुताने आता कोणासाठी न थांबता फोड खाल्ली आणि तिचे डोळे भरून आले. हेच ते, असं ती म्हणाली.

"कशी लागते?" शशिकलाने विचारलं.

"मस्त. टँगी."

"टँगी म्हणजे काय मला कळत नाही. चिंचेचं आंबट की कैरीचं? आधी आंबट लागतं की आधी गोड?"

ऋजुता गोंधळली. तिने दुसरी फोड घेतली, या वेळी हळू. "आधी गोड," ती थांबत थांबत म्हणाली. "मग आंबट. चिंचेचं. तिखट अगदी शेवटी, घशात."

"गूळ आपल्यासारखा की काळसर?"

"काळसर. थोडा… जळका लागतो. जळका पण चांगला."

"म्हणजे काकवीकडे झुकलेला. मीठ कळतं का?"

"थोडंसं."

"कळायला नकोय. मग कमी घालू." शशिकलाने स्वतः एक फोड खाल्ली आणि सुनेचे शब्द आठवत चावली. आधी गोड, मग आंबट. काही झालं नाही. "रविवारी तू ओट्याशी बसायचंस," ती म्हणाली. "वाटेन मी. चव तू बघायचीस."

"नैवेद्याच्या आधी?" ऋजुताने विचारलं. घरची रीत तिलाही माहीत होती.

"आधी," शशिकला म्हणाली.

पुष्कर आणि ऋजुता टॅक्सीने अंबत्तूरला गेले. उद्या सकाळी चांगल्या हॉस्पिटलात दाखवायचं, असं पुष्करने तीन तीनदा बजावलं. ही दोघं रिक्षाने एग्मोरला आली. लोकलला गर्दी नव्हती, खिडकीशी समोरासमोर जागा मिळाली. अनंतरावांच्या सदऱ्यावर गुळाचा तपकिरी डाग वाळून कडक झाला होता. मांबलम जाईपर्यंत ती त्या डागाकडे बघत राहिली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी," अनंतराव म्हणाले. "दूध करपलं. मला पार बाहेरच्या खोलीत वास आला. तू पातेल्याशेजारी उभी होतीस, कोथिंबीर निवडत."

म्हणजे तेव्हापासून ते पेपर घेऊन ओट्यापाशी बसत होते. गॅसची राखण करत. तिने त्यांना किती वेळा तिथून हुसकावलं होतं.

"कालची आमटी?"

ते घुटमळले.

"खरं सांगा."

"खारट होती."

"परवाची?"

"परवा मीठच नव्हतं."

"भरली वांगी? तुम्ही दोनदा वाढून घेतलीत."

"कूट खवट होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तू मंडळात गेलीस तेव्हा मी डबा रिकामा केला. नवे दाणे भरून ठेवले."

"दोनदा का वाढून घेतलीत मग?"

"तू वाढलंस."

गिंडी आलं. एक फुलवाली मोगऱ्याची टोपली घेऊन चढली, शेजारच्या बाकावर बसली आणि गजरे ओवायला लागली. अनंतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शशिकला विचारत राहिली. संक्रांतीची गुळाची पोळी, गुरुवारचं पिठलं, मामींना दिलेलं लिंबाचं लोणचं. तेही सांगत राहिले, आधी चाचरत, मग जरा सरावल्यासारखे. पोळीत सुंठ फार झाली होती. पिठलं बरं होतं. लोणचं मामींनी घेतलं, पण नंतर कधी त्याचं नाव काढलं नाही. ऐकताना तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. नवरात्रापासूनचं सगळं जेवण तिला एकदा कळायला हवं होतं.

"उद्यापासून पानावर बसलात की बोलायचं," ती म्हणाली. "पूर्वीसारखं. मीठ कमी, मीठ जास्त, सगळं."

"तुला राग यायचा."

"येऊ दे."

त्यांनी मान हलवली. गाडी पल्लावरमला थांबली आणि सुटली. आता एकच विचारायचं उरलं होतं, आणि ते तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दिवाळीच्या करंज्या. मुलगा परदेशात, म्हणून डबा भरून सुराबायाला पाठवलेल्या. पुष्करने फोनवर भारी झाल्यात म्हणून सांगितलं होतं, आणि ऋजुता म्हणाली होती की दिवस राहिल्याच्या बातमीचा पहिला गोड घास म्हणून तिने तीच करंजी खाल्ली.

"आणि करंज्या?"

अनंतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर क्रोमपेटच्या दुकानांचे दिवे लागत होते.

"करंज्या चांगल्या झाल्या होत्या," ते म्हणाले.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते बाहेरच बघत होते. तांबरम यायला अजून अवकाश होता, पुन्हा विचारायला वेळ होता. तिने विचारलं नाही. पदराचं टोक थुंकीने ओलं केलं, पुढे वाकली आणि त्यांच्या सदऱ्यावरचा गुळाचा डाग पुसायला लागली.